चित्र नसलेली डबी

2017 साली, माझ्या पहिल्या गरोदरपणात, तीन वेगवेगळ्या ठिकाणी मला एकच प्रश्न विचारण्यात आला होता. "विडी, तंबाखू, दारू असे काही?" तिन्ही वेळा मी "नाही" म्हटले आणि ते म्हणताना आपण खोटे बोलत आहोत असे मला जराही वाटले नाही. विडी मी कधी ओढली नव्हती. हातावर चुना-तंबाखू मळून ओठात ठेवणाऱ्या माणसांचा तर मला मनापासून तिटकारा होता. मात्र त्या तिन्ही दिवशी सकाळी उठल्या उठल्या आणि नंतर घरातून निघण्यापूर्वी मी मशेरी लावली होती.

ज्यांच्या घरात मशेरी नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. तंबाखूची सुकी पाने तव्यावर किंवा खापरावर काळी पडेपर्यंत भाजतात, चुरून त्यांची बारीक पूड करतात आणि ती डबीत भरून ठेवतात. ही पूड तर्जनीने दातांना व हिरड्यांना चोळायची, पाच-दहा मिनिटे तशीच तोंडात राहू द्यायची, मग थुंकून चूळ भरायची. नावाला हे दात घासणे असते, पण दात काही कोणी दिवसातून सहा वेळा घासत नाही. आमचे गाव देवगड तालुक्यात अगदी किनाऱ्याला लागून आहे. तिथे पुरुषाच्या विडीला व्यसन म्हणतात आणि बाईच्या मशेरीला काहीच म्हणत नाहीत. ती चुलीजवळच्या फळीवर मिठाच्या बरणीशेजारी असते.

मला ती आजीने लावली. मी चौदा वर्षांची होते, दाढ ठणकत होती आणि रात्री दवाखाना मिळण्यासारखा नव्हता. पहिल्या बोटाला गरगरले, दुसऱ्याला उलटी झाली, तिसऱ्या दिवशी दाढेचे दुखणे कमी झाले आणि माझे डोके मशेरीची वाट पाहू लागले. दहावीच्या वर्षी माझी स्वतःची डबी झाली. काकांच्या फोटो स्टुडिओत कॅमेऱ्याचे रोल ज्या काळ्या प्लास्टिकच्या डब्यांतून येत, त्यांतली ती एक होती. तिचे झाकण इतके घट्ट बसे की आमच्या खाऱ्या, दमट हवेतही आतली पूड आषाढात कोरडी राही. लग्न झाले, आंबा बागायतदारांच्या एका संस्थेत हिशेबाचे काम मिळाले, आणि ती डबी माझ्या पर्समध्ये किल्ल्यांच्या जुडग्यासोबत फिरत राहिली.

पहिली मुलगी छत्तिसाव्या आठवड्यात झाली, 2 किलो 100 ग्रॅमची. तिला आठ दिवस काचेत ठेवावे लागले. त्या आठ दिवसांत बाहेरच्या बाकावर बसून मी रोज मशेरी लावत होते, कारण त्याशिवाय मला सकाळी शौचाला होत नसे आणि दिवसभर डोके जड राही. मुलगी मशेरीमुळेच लहान झाली असे मी म्हणणार नाही. एका बाळाबद्दल असे छातीठोक सांगता येत नाही आणि माझे हिमोग्लोबिनही तेव्हा बरेच कमी होते. पण ज्या प्रश्नाचे उत्तर महत्त्वाचे होते तो प्रश्न मला कोणी विचारलाच नाही, आणि न विचारता मी ते कशाला सांगणार होते?

तो प्रश्न विचारला गेला जानेवारी 2023 मध्ये. दुसऱ्या वेळी दिवस गेल्याचे कळल्यावर नाव नोंदवण्यासाठी मी उपकेंद्रात गेले. तिथे नव्याने रुजू झालेल्या सिस्टर सातारच्या होत्या. वजन, रक्तदाब, शेवटच्या पाळीची तारीख हे सारे माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून झाल्यावर त्यांनी मान वर न करता विचारले, "मशेरी किती वेळा लावता, ताई?"

लावता का, असे त्यांनी विचारले नाही. मला वाटते सगळा फरक तिथेच पडला. "लावता का" असे विचारले असते तर मी सवयीने नाही म्हटले असते. "किती वेळा" या प्रश्नात होकार आधीच धरलेला होता, त्यामुळे लपवायला उरला होता तो केवळ आकडा. मी "तीन-चार" म्हटले. त्यांनी माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीकडे पाहिले. नखाच्या कडेने आणि पहिल्या पेरावर उमटलेला तो तपकिरी डाग मला स्वतःला कधी दिसला नव्हता. मग मी खरे सांगितले. सहा, आणि अलीकडे कधी कधी आठ.

अलीकडे आठ का, याचेही उत्तर त्यांच्याकडे होते. गरोदरपणात बाईचे शरीर निकोटीन नेहमीपेक्षा लवकर निकामी करून बाहेर टाकते, त्यामुळे तलफ लवकर येते आणि बाईला वाटते की आपल्याला यंदा मशेरीची "जास्त गरज" आहे. मी तर ते डोहाळ्यांत जमा केले होते. पुढे त्यांनी कागदावर वारेचे, म्हणजे पोटातल्या बाळाला आईच्या रक्तातून पोषण पोचवणाऱ्या अवयवाचे, चित्र काढून दाखवले. निकोटीन हिरड्यांतून रक्तात जाते, रक्तवाहिन्या आकसतात, वारेकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होतो. शिवाय वार निकोटीनला अडवत नाही, ते बाळापर्यंत पोचते. पानातले विष भाजून जळून जात असेल, अशी माझी एक भाबडी समजूत होती. ती त्यांनी एका वाक्यात मोडली: भाजल्याने निकोटीन राहते ते राहतेच, वर धुराबरोबर तयार होणारी कर्करोगकारक द्रव्ये त्यात भर घालतात.

मी हिशेबाची बाई असल्यामुळे मला आकडा हवा होता. तो तालुक्याच्या डॉक्टरांनी दिला आणि नंतर मी स्वतःही शोधून वाचला. मुंबईत 1217 गरोदर स्त्रियांची बाळंतपणापर्यंत नोंद ठेवून केलेला एक अभ्यास 2004 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यातील तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक स्त्रिया मशेरीच लावणाऱ्या होत्या. त्यांच्या बाळांचे वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरले आणि बाळंतपण सरासरी सहा दिवस आधी झाले. प्रथम वाचताना मला 105 ग्रॅम म्हणजे काहीच नाही असे वाटले. आमच्याकडे हापूसची प्रतवारी वजनावर होते आणि एवढे लहान फळ आम्ही पेटीत भरतच नाही, ते कॅनिंगच्या क्रेटमध्ये जाते. पण 2 किलो 400 आणि 2 किलो 505 या दोन आकड्यांच्या मधून दवाखान्याच्या वहीत एक रेघ जाते. अडीच किलोच्या खालचे बाळ कमी वजनाचे. माझी थोरली त्या रेघेच्या किती खाली होती ते मला पाठ होते.

सोडण्याची तारीख ठरवा, उद्यापासून असे म्हणू नका, असे सिस्टरांनी सांगितले होते. 15 जानेवारीला, रविवारी संक्रांत होती. मी दुसऱ्या दिवसाचा, सोमवारचा मुहूर्त धरला. आज मागे वळून पाहता ही निवड चुकीची होती असे माझे मत आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्याकडे घरोघर हळदीकुंकू चालते, आणि वाण देऊन झाले की बायका मागच्या पडवीत जमतात तेव्हा डबी फिरतेच. चार वेळा मी डोके दुखत असल्याचे कारण सांगून पडवीतून उठले. ते खोटेही नव्हते.

पहिले तीन दिवस सर्वांत वाईट असतात हे मला सांगितलेले होते, पण वाईट म्हणजे काय ते आधी कळत नाही. डोके दुखणे मी धरून चालले होते. पण साध्या बेरजा चुकतील याची मला कल्पना नव्हती. मंगळवारी एका बागायतदाराच्या खात्यात मी औषधफवारणीचे बिल दोनदा टाकले आणि चूक दाखवणाऱ्या शिपायावरच खेकसले. बुधवारी मुलीने दुधाचा पेला सांडला म्हणून तिला एक धपाटा घातला आणि नंतर न्हाणीघरात जाऊन रडले. आणि शौचाला? सोमवार, मंगळवार, बुधवार काही नाही. वर्षानुवर्षे आतड्यांना सकाळच्या निकोटीनची सवय लावून ठेवल्यावर ती त्याच्याशिवाय हलायला तयार होत नाहीत. मशेरी सोडू पाहणाऱ्या बाया पुन्हा तिच्याकडे वळतात त्या बहुतेक याच कारणाने, असे माझे निरीक्षण आहे, आणि याविषयी कोणी मोकळेपणाने बोलत नाही म्हणून मी लिहीत आहे. मला गुण आला तो उठल्यावर दोन पेले गरम पाण्याने, दोन्ही वेळच्या जेवणातल्या पालेभाजीने आणि डॉक्टरांना विचारून रात्री घेतलेल्या इसबगोलाने. पाचव्या दिवशी शौचाला झाली तेव्हा पगारवाढ झाल्याइतका आनंद झाला.

मळमळीची गोष्ट मात्र उलटी निघाली. मशेरीने सकाळची मळमळ दबते असे मी मानत होते. प्रत्यक्षात पूड तोंडात असताना थुंकी थोडी थोडी पोटात जात होती आणि तीच मळमळ वाढवत होती. आठवड्याभरात उलट्या थांबल्या नाहीत, पण कमी झाल्या.

तोंडाला काहीतरी हवे हे तर होतेच. माझ्या आईने फोनवर सुपारीचा सल्ला दिला. परसात पोफळी असलेल्या घरातला तो अगदी स्वाभाविक सल्ला होता आणि मी एक खांड तोंडात टाकलेही. सिस्टरांनी ते बंद करायला लावले. तंबाखूशिवायची नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या खंडात नोंदवलेला आहे, आणि गरोदर बाईने एक सोडून दुसरे धरण्यात काही अर्थ नाही. मग मी आमसुलाची पाकळी धरली. दाढेखाली धरली की तोंडाला पाणी सुटे आणि दहा मिनिटे निघून जात. तलफेची एक लाट साधारण तेवढीच टिकते. ती ओसरेपर्यंत हात कुठेतरी गुंतवायचा, मग ते आमसूल असो, शेंगा सोलणे असो की खतावणीच्या पानांवर रेघा मारणे असो.

दंतमंजनाबद्दलही सांगायला हवे. ब्रशने मला दात घासल्यासारखे वाटेना, बोट फिरल्याशिवाय तोंड धुतले असे मनाला पटेना. म्हणून मी बाजारातील एखादे काळे किंवा लाल मंजन आणण्याच्या बेतात होते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यावर आपल्या देशात 1992 पासून बंदी आहे. पण ही बंदी विकल्या जाणाऱ्या मंजनाला लागू होते, आमच्या चुलीवर भाजलेल्या मशेरीला ती कशी अडवणार? तंबाखूच्या पुडीच्या दोन्ही बाजूंचा 85 टक्के भाग 2016 पासून सडलेल्या तोंडाच्या चित्राने आणि इशाऱ्याने व्यापलेला असतो. माझ्या रोलच्या डबीवर कसलेच चित्र नव्हते. शेवटी मंजन न आणता ब्रशच धरला, तर हिरड्यांतून रक्त येऊ लागले. सासूबाईंना आयते कारण मिळाले. "बघ गो, मशेरी सोडलंस आणि दात हलाक लागले!" दातांच्या डॉक्टरांनी पाहून सांगितले की गरोदरपणात हिरड्या सुजतात आणि त्यांतून रक्त येते, हे नेहमीचे आहे. त्यात मशेरी सोडल्याचा दोष नाही. ब्रश मऊ घ्या, थांबवू नका.

सासूबाईंविषयी मी तक्रारीच्या सुरात लिहू इच्छित नाही. त्यांचे म्हणणे साधे होते: "मशेरी म्हणजे काय तंबाखू नाय गो. दात घासूचा औषध ता. माजी चार बाळातपणा ह्याच्यावरच झाली, काय झाला माज्या पोरांका?" या चारांखेरीज एक पाचवे बाळ होते, सातव्या महिन्यात गेलेले. त्याचा उल्लेख त्या कधी करत नाहीत आणि मीही त्या वेळी केला नाही. त्याचे कारण आज कोणालाच सांगता येणार नाही आणि ते त्यांच्यावर फेकण्याचा मला अधिकार नव्हता.

खरी अडचण भाजण्याची होती. दर पंधरवड्याला त्या चुलीवर मशेरी भाजत आणि घरभर ठसका लावणारा वास पसरे. लहान मुले खोकत अंगणात पळत. हा धूरही तंबाखूचाच धूर, आणि तो माझ्या पोटातल्या बाळालाही जातो, एवढेच मी त्यांना एकदा सांगितले. त्यावर त्यांनी काही उत्तर दिले नाही. पुढच्या पंधरवड्याला तवा चुलीवर दिसला नाही. तो आमच्या बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपटात, घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर गेला होता. "आता थयच भाजतंय. घरात पोटुशी बायल आसा," असे त्या शेजारणीला सांगत होत्या, जणू हा त्यांचाच विचार होता. गुडघे दुखत असताना ती चढण त्या पंधरा दिवसांनी एकदा चढत राहिल्या. मशेरी त्यांनी सोडली नाही आणि मी तो विषय पुन्हा काढला नाही.

नवऱ्याशी मात्र भांडण झाले. ते हंगामात आंब्याचा टेम्पो वाशीच्या मार्केटला नेतात, रात्रभर जागे राहण्यासाठी सिगारेट ओढतात आणि घरी आले की पडवीत बसूनही ओढतात. सिगारेटच्या धुरात निकोटीनशिवाय कार्बन मोनॉक्साइड असतो आणि तो रक्तातील प्राणवायूची जागा अडवून बसतो, हे मी नव्यानेच शिकून आले होते आणि जरा जास्तच उत्साहाने सांगितले. "तू माका शिकवतंस? आदी तुजी डबी खय आसा ती दाखव!" ते म्हणाले. डबी तेव्हाही माझ्या पर्समध्येच होती, रिकामी नव्हे, अर्धी भरलेली. ती मी उलटी करून अंगणातल्या आळ्यात ओतली. त्यांनी त्या दिवसापासून घरात आणि पडवीत सिगारेट ओढली नाही. प्रवासातली आजही पूर्ण सुटलेली नाही. ही गोष्ट "नवऱ्यानेही त्याच दिवशी सोडली" अशी सांगता आली असती तर मला आवडले असते.

डबी ओतल्याच्या संध्याकाळी मी 1800-11-2356 या राष्ट्रीय क्रमांकावर फोन केला. तो तंबाखूच्या पुडीवर छापलेला असतो, म्हणजे माझ्या मशेरीवर नव्हता. कार्डाच्या मागे सिस्टरांनी पेनने लिहून दिला होता. फोन फुकट असतो. पलीकडच्या बाई मराठीत बोलल्या आणि त्यांनी उपदेश केला नाही. दिवसातल्या आठ वेळांपैकी कोणती वेळ सोडायला सर्वांत अवघड वाटते, एवढे विचारले. सकाळची, असे मी म्हटले. मग सकाळचा क्रमच बदला, असे त्या म्हणाल्या. उठून चुलीकडे न जाता मी थेट अंगणात जाऊ लागले, आधी पाणी, मग ब्रश, मग चहा. चहा अगोदर आणि मशेरी त्यानंतर, अशी साखळी होती. तिच्यातली एक कडी पुढेमागे केली की बोट डबी शोधत नाही. निकोटीनच्या गोळ्या किंवा च्युइंगमबद्दलही मी विचारले होते. गरोदरपणात ती औषधे स्वतःहून घ्यायची नाहीत, समुपदेशनाने जमते का ते आधी पाहायचे आणि न जमल्यास डॉक्टरांनी ठरवायचे, असे उत्तर मिळाले. माझ्यावर ती वेळ आली नाही.

फेब्रुवारी बरा गेला. मोहराचा वास मला त्या वर्षी जितका जाणवला तितका कित्येक वर्षांत जाणवला नव्हता. आमटीत मीठ कमी घालावे लागू लागले, कारण जिभेला चव कळू लागली होती.

मग एप्रिल आला. चौथ्या महिन्यापासून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या आणि या गोळ्यांनी शौचाला घट्ट होते. त्यात अक्षय्य तृतीयेच्या आधीचा आठवडा, म्हणजे आमच्या हंगामाचा कळस. पेट्या, पावत्या, वाशीहून येणारे आंब्याच्या दराचे फोन, रात्री नऊपर्यंत हिशेब. तीन दिवस पोट साफ झाले नव्हते. चौथ्या दिवशी पॅकिंगच्या शेडमध्ये पेंढा लावणाऱ्या बायका दुपारच्या सुट्टीत बसल्या होत्या. त्यांतल्या एकीने डबी पुढे केली आणि मी बोट बुडवले. विचार केला, मन झगडले, असे काही झाले नाही. हात गेला. तीन महिन्यांनंतरची ती मशेरी इतकी चढली की मला पेट्यांच्या थप्पीला धरून उभे राहावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लावली, पोटासाठी. एकूण पाच दिवस हे चालले.

सहाव्या दिवशी मी उपकेंद्रात गेले ते गोळ्या बंद करा असे सांगण्यासाठी. मशेरीबद्दल बोलण्याचा माझा विचार नव्हता. सिस्टरांनी गोळी कधी आणि कशाबरोबर घेता असे विचारले. सकाळी, चहाबरोबर. त्यांनी कपाळाला हात लावला. चहाने लोह अंगी लागत नाही आणि गोळीचा फायदाही अर्धवट राहतो. गोळी रात्री जेवणानंतर घ्या, सोबत लिंबू किंवा आमसुलाचे सार चालेल, आणि पाणी वाढवा. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घेऊ नका, वेगळ्या वेळी घ्या. इतका साधा बदल होता. उठताना मी मशेरीचेही सांगून टाकले. त्यांनी विचारले, "पाच दिवसांत किती वेळा?" पुन्हा आकडाच. मी मोजून सांगितले, अकरा. "आधी पाच दिवसांत चाळीस व्हायची," असे म्हणून त्यांनी कार्डावर काहीतरी लिहिले आणि पुढच्या 9 तारखेला तपासणीला या म्हणाल्या. मला रागावून घ्यायचे होते. ते न मिळाल्यामुळे घरी जाताना मी स्वतःच स्वतःवर रागावत गेले आणि तेवढ्यावर ते प्रकरण मिटले. त्यानंतर मी मशेरी लावलेली नाही.

मुलगा 27 ऑगस्टला झाला, एकोणचाळीस आठवडे पूर्ण करून, 2 किलो 650 ग्रॅमचा. फार मोठे वजन नाही हे मला ठाऊक आहे. सासूबाईंनी तर "येवडोच?" असेच म्हटले. मी तो आकडा दोनदा विचारून घेतला.

बाळंतपणानंतर सुटलेली तंबाखू पुन्हा धरणाऱ्या स्त्रिया पुष्कळ असतात, असे त्या फोनवरच्या बाईंनी मला आधीच बजावले होते. गरोदरपणी पोटातल्या बाळासाठी सोडलेली असते. बाळ बाहेर आले की आता काय हरकत, असे वाटते. पण निकोटीन अंगावरच्या दुधातही उतरते. बाराव्या दिवशी बारशाला आलेल्या मावशींनी बाळंतिणीचे दात सैल होतात म्हणून चिमूटभर मशेरी कागदात बांधून उशाशी ठेवली. मी ती सासूबाईंना दिली. त्यांनी पुडी उघडून वास घेतला, "चांगली भाजल्यान नाय," असा शेरा मारला आणि आपल्या डबीत ओतून घेतली.

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या जावेला तिसरा महिना लागला म्हणून मी तिच्यासोबत 9 तारखेच्या तपासणीला गेले. आमच्या सिस्टरांची बदली झाली आहे. नव्या मुलीने कार्ड भरता भरता विचारले, "विडी, तंबाखू, दारू?" जाऊ म्हणाली, "नाही." पुढचा रकाना भरला गेला. बाहेर बाकावर बसल्यावर मी तिला विचारले, "मशेरी दिवसातून किती वेळा?"

तिने तर्जनी मुठीत घेतली. "चार-पाच," ती म्हणाली, "पण ती काय तंबाखू नाय, वहिनी." मी तिच्या हातातले कार्ड घेतले आणि आम्ही दोघी पुन्हा आत गेलो.